गाइड म्हणतात, “हे अकाउंटिंग नाही, समाजशास्त्र आहे.” मग काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: तुम्ही एम.कॉम., सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालेले. उमरेडकडच्या एका कॉलेजात चार वर्षांपासून तासिका तत्त्वावर अकाउंट्स शिकवताय. गावची सेवा सहकारी सोसायटी (शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी) आणि महिला बचत गट यांचे हिशेब गावातल्या माणसांच्या आयुष्याचं काय करतात, यावर तुम्हाला पीएच.डी. करायची आहे. गाइड म्हणतात, “हे समाजशास्त्र झालं. एखाद्या बँकेचं खेळतं भांडवल हा विषय घ्या, दोन-अडीच वर्षांत मोकळे व्हा.” आणि तुम्हाला भीती ही की असलं ‘क्रिटिकल’ संशोधन करणारा अकाउंट्सचा माणूस शेवटी ना घरका ना घाटका होतो.

मी नागपुरात एकतीस वर्षं अकाउंट्स शिकवलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आठ जणांच्या पीएच.डी.ची गाइड होते, त्यातले तिघे तुमच्यासारखे, वाकडी वाट धरणारे. तेव्हा हे सगळं दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

कडू औषध आधी देते. तुमचे गाइड अर्धे बरोबर आहेत. तुम्ही प्रश्नात जे शीर्षक लिहिलंय, ‘ग्रामीण महिलांचे आर्थिक शोषण व सहकारी संस्थांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास’, त्यात हिशेबाची एकही नोंद नाही. कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) नाही, खतावणी (प्रत्येकाच्या खात्याची वही) नाही, लेखापरीक्षण नाही. हे शीर्षक समाजशास्त्राच्या विभागात नेलं तर तेही म्हणतील की फार मोघम आहे. म्हणजे खरा प्रश्न ‘हे अकाउंटिंग आहे का’ हा नाहीच. तुमच्या हातात नेमकं कुठलं पान आहे, हा खरा प्रश्न. आणि दुसरा, नोकरीचा, तो वेगळा. दोन्हींची एकच जुडी बांधलीत म्हणून दोन्ही अवघड वाटतायत.

माझं उदाहरण सांगते, कारण मला हे उशिरा कळलं. माझा स्वतःचा प्रबंध सहकारी पतपुरवठ्याच्या गुणोत्तर विश्लेषणाचा होता. पाच वर्षांचे ताळेबंद, चालू गुणोत्तर, त्वरित गुणोत्तर, वसुलीचं प्रमाण, शेवटी शिफारशी. शिफारशी अशा की कुठल्याही संस्थेला लागू पडाव्यात. पदवी मिळाली, घरच्यांनी पेढे वाटले, प्रबंध ग्रंथालयात गेला आणि तिथंच राहिला.

त्यानंतर काही वर्षांनी मार्च महिन्यात काटोलकडच्या एका गावी गेले होते. काम घरगुती होतं. पाहुण्यांच्या ओळखीनं सोसायटीचे हिशेब सांभाळणाऱ्या गटसचिवाशी गप्पा सुरू झाल्या आणि मी सवयीनं त्याची कर्जखतावणी पुढं ओढली. एका शेतकऱ्याचं पान : २८ मार्चला जमा, मुद्दल अठरा हजार आणि वर व्याज. ३१ मार्चला नावे, पीककर्ज वीस हजार. पान उलटलं. पुढच्या माणसाचंही तसंच, तारखा तेवढ्या एक-दोन दिवसांनी इकडे-तिकडे. त्याच्या पुढचंही. मी चाळीसेक पानं उलटली असतील. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या गावानं कर्ज फेडलं होतं आणि त्याच आठवड्यात सगळ्या गावानं ते परत उचललं होतं.

मी विचारलं, हे काय? तो हसला. “नवं-जुनं, मॅडम.”

बाहेर ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं की एवढे पैसे मार्चमध्ये आणले कुठून? कापूस तर जानेवारीतच विकून झाला असेल. तो म्हणाला, “कोणते पैसे? म्या तं पाह्यलेच नाही. व्यापाऱ्यानं भरले, त्यानंच उचलले. मले हजारामागं पन्नास लागले, बस.”

आता हे नीट बघा. पावती खरी होती. सही खरी होती. रक्कम खरी होती, ती खरोखर काउंटरवर आली आणि खरोखर गेली. व्हाउचर तपासणाऱ्या कुठल्याही लेखापरीक्षकाला त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि ठेवलंही नव्हतं. संस्थेला ऑडिटचा ‘अ’ वर्ग होता. वसुली नव्वद टक्क्यांच्या वर दिसत होती. शेतकऱ्याला मुदतीत फेड केल्याची व्याजसवलत मिळत होती आणि नवं कर्जही. (पंजाबराव देशमुखांच्या नावाची ती योजना. आज तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्क्यानं पडतं, म्हणजे नव्या-जुन्याचा मोह आणखी वाढलेला.) गटसचिवाचं वसुलीचं उद्दिष्ट पुरं होत होतं. वरच्या जिल्हा बँकेचं थकीत कर्ज कमी दिसत होतं. आणि व्यापाऱ्याला तीन दिवसांत हजारामागं पन्नास सुटत होते. यातल्या एकाच गोष्टीची नोंद कुठल्याच वहीत नव्हती : ते पन्नास. त्या स्वस्त कर्जाची खरी किंमत ती होती, आणि तिला खातंच नव्हतं.

परतीच्या एसटीत मला माझा प्रबंध आठवला. त्यातलं ‘वसुलीचे प्रमाण’ असं सुबक मथळ्याचं कोष्टक. मी त्या टक्केवारीचे आलेख काढले होते. कदाचित अशाच चाळीस-चाळीस पानांची बेरीज माझ्या एकेका टक्क्यात दडलेली असेल, आणि मी ती कधी उलटून पाहिली नव्हती.

तुम्ही ज्याला क्रिटिकल संशोधन म्हणताय ते माझ्या लेखी इथून सुरू होतं. घोषणेतून नाही, आणि सिद्धांतातून तर नाहीच. नोंद बरोबर आहे, ताळा जुळतोय, आणि तरी चित्र खोटं आहे, हे कसं होतं? कोणाच्या सोयीनं होतं? त्याचा खर्च कोणाच्या पदरात पडतो आणि कुठल्या वहीत येत नाही? हे प्रश्न समाजशास्त्रज्ञ विचारू शकेल, पण त्याला खतावणीचं ते पान वाचता येणार नाही. तुम्हाला येतं.

आता, असं काही क्षेत्र जगात आहे का, हेही तुम्ही विचारलंय. आहे, आणि चांगलं पन्नास वर्षं जुनं आहे. अँथनी हॉपवुड या ब्रिटिश प्राध्यापकानं १९७६ मध्ये ‘अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी’ हे जर्नल सुरू केलं. हिशेब हे नुसतं तंत्र नाही, संस्था आणि समाज घडवणारी गोष्ट आहे, हा त्यामागचा विचार. डेव्हिड कूपर आणि टोनी टिंकर यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या जर्नलच्या तर नावातच ‘क्रिटिकल’ आहे. रूथ हाइन्सचा १९८८ चा एक लेख मी एम.कॉम.च्या मुलांना दर वर्षी वाचायला लावायची. त्याचं सार असं की आम्ही फक्त वास्तव कळवतो असं अकाउंटंट म्हणतात खरं, पण कळवता कळवता ते वास्तव घडवतातही. वर सांगितलेली सोसायटी डोळ्यांपुढं ठेवून वाचलं की मुलांना पाच मिनिटांत कळायचं. आणि कारकिर्दीचं उदाहरणच हवं असेल तर भारतात जन्मलेले प्रेम सिक्का बघा. ते ब्रिटनमध्ये अकाउंटिंगचे प्राध्यापक झाले, मोठ्या ऑडिट फर्मांवर आणि करचुकवेगिरीवर आयुष्यभर लिहीत राहिले, आणि २०२० मध्ये तिथल्या संसदेच्या वरिष्ठ, लॉर्ड्सच्या सभागृहात जाऊन बसले. अर्थात ते तिथलं झालं. इथल्या तासिकावाल्याला त्या उदाहरणानं पगार मिळत नाही, हे मला माहीत आहे.

पण खरं सांगू, नागपुरात बसून यासाठी इतकं लांब जायची गरजच नाही. दीक्षाभूमीवर आपण सगळेच जातो, पण बाबासाहेबांचं संशोधन कशावर होतं हे वाणिज्य शाखेतल्या किती जणांना ठाऊक असतं? १९१५ चा त्यांचा कोलंबियातला एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि वित्तव्यवस्थेवर. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावर. १९२५ चं पुस्तक ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. महसूल केंद्राच्या खात्यात की प्रांताच्या, खर्च कोणाच्या नावे, हे १८३३ पासून कसं बदलत गेलं, याचा तो अभ्यास. सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत होते, आणि पुढं १९२५ ते १९२८ या काळात मुंबईतल्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदाही शिकवत होते. तेव्हा जमाखर्चाच्या रकान्यातून सत्ता वाचणं ही परदेशातून आणलेली फॅशन आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवा.

गाइडना पटवायचं असेल तर मात्र बाबासाहेब आणि हॉपवुड दोघांनाही थोडं बाजूला ठेवा आणि कापूस समोर ठेवा. तो कोणालाही पटतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. हा आकडा आला कुठून? कृषी खर्च व मूल्य आयोगानं धरलेला ए२ अधिक एफएल हा खर्च ५,१४०, त्याचं दीडपट. ए२ म्हणजे शेतकऱ्यानं प्रत्यक्ष खिशातून घातलेलं : बियाणं, खत, फवारणी, भाड्याची मजुरी. एफएल म्हणजे घरच्यांची मेहनत, तिला भाव लावून. आणि तिसरी पद्धत सी२, त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरायचं. स्वामिनाथन आयोगानं उत्पादनखर्चापेक्षा किमान पन्नास टक्के जास्त भाव द्या म्हटलं. शेतकरी संघटना म्हणतात तो खर्च सी२. सरकारनं २०१८-१९ पासून दीडपट दिलं ते ए२ अधिक एफएलवर. दीडपट दोघांचंही खरं. भांडण ‘खर्च’ या शब्दात काय बसवायचं याचं, म्हणजे आपल्या एफ.वाय.च्या कॉस्टिंगच्या पहिल्या धड्याचं. बायकोनं केलेलं निंदण आणि वेचणी तिला मजुरी न देता झाली, तर ती खर्चाच्या बाजूला येते का, आणि येत असेल तर कुठल्या दरानं? हा प्रश्न सोडवताना तुम्ही अकाउंटिंग करताय की समाजशास्त्र? गाइडना हे विचारून बघा. नम्रपणे.

बचत गटांकडे वळते, कारण त्यात तुमचा जीव जास्त दिसतो. बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानाची पंचसूत्री तुम्हाला माहीत असेलच : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, आणि पाचवं सूत्र अद्ययावत लेखे. म्हणजे हिशेब लिहिणं हाच जिथं चळवळीचा एक खांब आहे, तिथं अकाउंटिंगच्या माणसाला मज्जाव कसा? माझ्या एका विद्यार्थिनीनं यावर काम केलं. तिनं कर्जवहीतला एकच रकाना धरला, ‘कर्जाचे कारण’. त्यात पानोपानी शेळीपालन. ती त्या गावात महिनाभर राहिली आणि म्हणाली, मॅडम, वहीत जेवढ्या शेळ्या आहेत तेवढ्या बांधायला गावात खुंटे नाहीत. मग बायकांशी बोलताना उलगडत गेलं. कोणी पोरीची फी भरली होती, कोणी सासूचं ऑपरेशन केलं होतं, एकीनं तर दुसऱ्या कर्जाचा हप्ता भरला होता. कोणी फसवलं नव्हतं. लिहिणाऱ्या मुलीला वरून सांगितलेलं होतं की उत्पादक कारण लिहा, आणि बायकांनाही कळलं होतं की ‘शेळी’ म्हटलं की पैसे लवकर येतात. औषधाला कर्ज घेणं वहीत बसत नव्हतं, म्हणून ते घडलंच नाही असं झालं. वर जिल्ह्याला अहवाल गेला की महिला शेळीपालनात पुढं आहेत.

हा रकाना कोणी आखला? त्यातले पर्याय कोणी ठरवले? ती मुलगी लिहिताना कोणाला घाबरते? तिचा प्रबंध एवढ्याच तीन प्रश्नांचा होता. परीक्षकानं तोंडी परीक्षेत दीड तास घेतला, आणि शेळ्यांवर सगळे हसले तेव्हा ती हसली नाही, ते मला आवडलं.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले. वहीत जे आहे त्याच्याइतकंच वहीत जे नाही ते वाचा. सोसायटीचं कर्ज सातबाऱ्यावर मिळतं. मग मक्त्यानं किंवा बटईनं शेती करणारा त्या खतावणीत येणारच नाही, आणि जिच्या नावावर सातबारा नाही ती शेतकरी बाईही येणार नाही. त्यांची थकबाकी शून्य. चांगली गोष्ट वाटते ना? संचालक मंडळाच्या यादीतली आडनावं आणि गावातल्या वस्त्या शेजारी-शेजारी ठेवा, बाकीचं तुम्हाला सांगावं लागणार नाही. पण तेही आधी पानावर दाखवायचं, मग बोलायचं. आपल्याकडे पुष्कळ जण उलटं करतात. निष्कर्ष आधी ठरवतात आणि मग त्याला पुरावे चिकटवत जातात. माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं तसंच केलं. पहिल्या प्रकरणातच सगळे सावकार, सगळे बळी. त्याला मी सहा महिने फक्त एका सोसायटीची कीर्द हातानं उतरवायला लावली. तो वैतागला, माझ्याबद्दल कँटीनमध्ये काय बोलला तेही मला कळलं. पण कीर्द उतरवताना त्याला दिसलं की ज्या गटसचिवाला तो खलनायक ठरवत होता, त्याचाच पगार कित्येक महिने ‘देणे’ म्हणून पडून आहे.

तर आता नोकरी. इथं मी हमी देऊ शकत नाही, कारण बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे : घर तुमच्या मानधनावर चालतं का, कॉलेजात जागा निघायची शक्यता किती, गाइड समंजस आहेत की हट्टी.

पण काही गोष्टी स्पष्ट सांगता येतात. ‘दोन-अडीच वर्षांत मोकळे’ हे कोणत्याच विषयात होत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आहेत, कमाल सहा, वर मुदतवाढ. म्हणजे सोपा विषय घेतला तरी तीन वर्षं जाणारच. सवाल फक्त ती कशात घालवायची याचा. सेट तुमच्याकडे आहे, तेव्हा सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी पीएच.डी.ची अट आज तुमच्या आड येत नाही. २०२३ मध्ये यूजीसीनं तो मुद्दा मिटवला. पण मुलाखतीच्या गुणांकनात आणि पुढं सहयोगी होताना ती लागतेच. पेपरचं म्हणाल, तर २०१८ च्या नियमांत वाणिज्य शाखेला एका पेपरचे दहा गुण, मग तो गुणोत्तरांवरचा असो की शेळ्यांवरचा. मान्य जर्नलांची केअर यादी तर यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केली. आता कुठलं जर्नल धरायचं हे संस्थांवर सोपवलंय, म्हणून तुमच्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक आधी हातात घ्या. पैसे भरा आणि पंधरा दिवसांत छापून घ्या म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या पेपरांनी गुण मिळतीलही, पण पुढं कोणी वाचायला मागितले तर लाज वाटते. क्रिटिकल कामाचे पेपर उशिरा छापले जातात, त्याची मात्र तयारी ठेवा. एकेका पेपरला दोन-दोन वर्षं जातात. तोवर एखादा साधा, आकड्यांचा पेपर लिहून ठेवण्यात काही कमीपणा नाही.

मला त्रास झाला का? झाला. ते लपवत नाही. नव्या-जुन्यावर मी एक लेख लिहिला होता, आणि पदोन्नतीच्या मुलाखतीत एका तज्ज्ञांनी तो हातात धरून विचारलं, “मॅडम, यात डेबिट कुठं आहे?” बाकीचे हसले. मी तत्त्वांवर पाच मिनिटं बोलले, हाइन्सबद्दल, समाजाबद्दल. ती वेळ गेली आणि पुढची संधी यायला दोन वर्षं लागली. तेव्हा मनात खूप राग होता. आता वाटतं, प्रश्न उर्मट होता पण खोटा नव्हता. लेखात मी खतावणीचं एकही पान दिलं नव्हतं, नुसती वर्णनं होती. पुढच्या वेळी मी नावं झाकून चार पानांच्या झेरॉक्स घेऊन गेले आणि म्हटलं, सर, डेबिट इथं आहे, क्रेडिट इथं आहे, आणि हजारामागचे पन्नास इथं नाहीत. पाच मिनिटांत झालं.

त्यामुळं माझा आग्रह असा की शिकवण्यात कच्चं राहू नका. आपल्याकडे कॉलेजात मान कशाला मिळतो? मुलांच्या सीएच्या अडचणी सोडवता येतात का, एकत्रित ताळेबंद फळ्यावर जुळवता येतो का, टॅलीत चुकलेली नोंद शोधता येते का. ज्याला हे येतं तो जेव्हा म्हणतो की हा ताळेबंद जुळतो पण खोटं बोलतो, तेव्हा लोक ऐकतात. ज्याला येत नाही त्याला म्हणतात, जमत नाही म्हणून टीका करतो.

शीर्षकाचं आता बघू. तुमचं शीर्षक बदला. मी असते तर असं लिहिलं असतं : ‘प्राथमिक कृषी पतसंस्थांतील पीककर्जाच्या नोंदी, वसुलीचे मापन व लेखापरीक्षण : नागपूर जिल्ह्यातील निवडक संस्थांचा अभ्यास’. (प्राथमिक कृषी पतसंस्था म्हणजे तुमची सेवा सोसायटीच.) यात शोषण हा शब्द नाही, चिकित्सक हा शब्द नाही. आरआरसीत (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत) कोणी भुवई उंचावणार नाही. आणि तुम्हाला जे म्हणायचंय ते सगळं आत बसतं. सोसायटी आणि बचत गट दोन्ही एकदम घेऊ नका, एकच निवडा. दोन्हीवर एका माणसाचं काम होत नाही. बायकांचा प्रश्न मागं राहून जाईल अशी भीती वाटत असेल तर ‘खतावणीत नसलेले’ हे एक प्रकरण ठेवा, तो तिथं आपोआप येतो.

तरीही गाइड नाहीच म्हणाले तर? गाइड बदलणं म्हणजे भाड्याचं घर बदलण्यासारखं आहे. करता येतं, पण सामानाची मोडतोड होते, आणि नवा घरमालक बरा निघेलच असं नाही. घर तुमच्याच कमाईवर चालत असेल तर मी म्हणेन, त्यांचं खेळतं भांडवल घ्या, फक्त बँकेऐवजी सोसायट्यांचं घ्या. चार प्रकरणं त्यांच्या मनासारखी लिहा आणि पाचवं तुमच्या मनासारखं. माझ्या ओळखीच्या एकानं असंच केलं. बाहेरच्या परीक्षकांनी पहिल्या चार प्रकरणांवर एकही प्रश्न विचारला नाही.

परवानग्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तिथंच लोक अडखळतात. संस्थेची लेखी परवानगी घ्या, मोबाइलनं पानांचे फोटो काढत सुटू नका, आणि प्रबंधात नुसतं गावाचं नाव बदलून भागेल असं समजू नका. ‘अमुक तालुक्यातली, नदीकाठची, दोन जिनिंग असलेल्या गावाची सोसायटी’ एवढं लिहिलं की तालुक्यातल्या प्रत्येकाला कळतं. तुमची पदवी होईल आणि त्या गटसचिवाची नोकरी जाईल, असा सौदा करू नका. लिहिलेलं प्रकरण आधी त्याला वाचून दाखवा. तो दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवेल, त्यातली एक तरी तुमची चूक असेल.

ऐतिहासिक विषय चालणार असेल तर आणखी एक दार उघडं आहे. आपली नागपूरची एम्प्रेस ही कापड मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, १८८६ मध्ये तिथं कामगारांसाठी पेन्शन फंड आला, आणि २००२ मध्ये मिल बंद पडली. त्या सव्वाशे वर्षांत कामगार हिशेबात कुठं बसत होता, खर्चाच्या बाजूला, दानधर्मात, की देण्यांत? आज आपण तिथल्या मॉलमध्ये पॉपकॉर्न खातो. यावर नागपुरातल्या कोणी तरी बसायला हवं. पण तो तुमचा विषय नाही, तुमच्या लिखाणात गावाचा वास आहे.

गाइडशी बोलायला इतक्यात जाऊ नका. आधी एक पान मिळवा. मार्चची २५ तारीख उजाडली की ओळखीच्या एखाद्या सोसायटीत जाऊन बसा, सकाळी दहापासून. डबा घरून न्या, कारण त्या आठवड्यात गटसचिवाला जेवायला वेळ नसतो आणि त्याच्यासमोर तुम्ही हॉटेलात जाणं बरं दिसत नाही. दोन पोळ्या जास्त घ्या. काही विचारू नका, फक्त कोण येतं, किती वेळ थांबतं, पैसे मोजून घेतं की न मोजता, आणि बाहेर मोटारसायकलवर कोण वाट पाहत बसलेलं असतं, ते वहीत टिपून ठेवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच दिवसांची कीर्द मागा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा. त्या घेऊन गाइडकडे जा. ते काय म्हणाले ते मला इथंच कळवा.